फौजी धाटणीचे बूट : निवड, वापर आणि निगा

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे शेतकरी बियाणे, खते व अवजारे ह्यांच्या जुळवाजुळवीस लागतो. विळ्या-कोयत्यांना धार लावली जाते, पॉवर टिलरचे तेल बदलले जाते, बांधांची डागडुजी होते. ज्या पायांवर हे सारे काम उभे असते त्यांची तरतूद मात्र क्वचितच वेळेवर होते. आवणीच्या ऐन दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, टाचेस फोड आला किंवा तळव्यात काटा मोडला, तर माणूस आठ-आठ दिवस घरी बसतो. तेवढ्या अवधीत रोपे जून होतात, मजुरांची वेळ टळते आणि नुकसान पायापुरते राहत नाही.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील बाजारांत अलीकडे फौजी धाटणीचे, म्हणजे घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे आणि नाडीने आवळावयाचे बूट सहज मिळतात. मुरबाड, शहापूर, अंबरनाथ आणि कल्याण ह्या तालुक्यांतील पुष्कळ घरांत एक भाऊ शेतावर असतो, तर दुसरा लोकलने ठाण्यास किंवा मुंबईस कामास जातो. कोणी सुरक्षा रक्षकाची नोकरी करतो, कोणी सैन्य अथवा पोलीस भरतीची तयारी करीत असतो. ह्या सर्वांची ओढ अशा बुटांकडे असते. परंतु खरेदी बहुधा दिसण्यावरून होते आणि एका पावसाळ्यातच बूट फाटला, चावला किंवा कुजला अशी तक्रार ऐकू येते. वास्तविक बूट घ्यावयाचा तो कोणत्या जमिनीवर व किती पाण्यात वापरावयाचा आहे हे ठरवून घ्यावयाचा असतो. त्याबाबतची माहिती येथे दिली आहे.

जिल्ह्यातील पाऊस व जमीन

ठाणे जिल्ह्यात सर्वसाधारणपणे वर्षास २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. ह्या काळात खाचरांत गुडघ्याएवढा चिखल असतो, बांध निसरडे होतात, वरकस जमिनीवर गवत वाढते आणि डोंगरउतारावरील कातळ शेवाळाने माखतो. दिवाळीनंतर हीच जमीन टणक होते, भाताची खुंटे ताठ उभी राहतात आणि गवतकापणीच्या वेळी गवतात साप-विंचवांचे भय असते. एकच बूट ह्या सर्व परिस्थितींत सारखाच उपयोगी पडेल अशी अपेक्षा धरणे चूक होय.

दुसरी गोष्ट अशी की, 'पाणी आत येणार नाही' असे सांगून विकला जाणारा बूट ह्या प्रदेशात नेहमीच हिताचा नसतो. पाणी शिरते ते बहुधा तळातून नव्हे, तर वरच्या तोंडातून. ओढा ओलांडताना किंवा धो-धो पावसात पायावरून ओघळ उतरला म्हणजे बूट आतून भरतो. ज्या अस्तरामुळे पाणी आत येत नाही, त्याच अस्तरामुळे आत आलेले पाणी बाहेरही जात नाही. असा बूट वाळावयास दोन-दोन दिवस घेतो आणि तोवर पाय ओल्यात राहतो. म्हणून ह्या जिल्ह्यात चालण्यासाठी बूट निवडताना तो पाणी किती अडवितो ह्यापेक्षा भिजल्यावर तो किती लवकर निथळतो व वाळतो, हे आधी पाहावे.

सैन्याच्या अनुभवाचा धडा

हा निष्कर्ष जगातील सैन्यांना फार मोठी किंमत देऊन काढावा लागला आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या हिवाळ्यात फ्लँडर्सच्या खंदकांत उभ्या असलेल्या हजारो सैनिकांचे पाय सतत ओल व थंडी लागून सुजले, बधिर झाले आणि काहींचे कुजले. भारतीय पलटणीही त्या आघाडीवर होत्या. पुढे नुसते बूट बदलून हा त्रास कमी झाला नाही. रोज पायांची तपासणी करणे, पाय पुसून तेल चोळणे व कोरडे मोजे बदलणे हा नेम घालून दिल्यावर तो आटोक्यात आला.

१९८२ सालच्या फॉकलंड युद्धातही हीच गोष्ट दिसून आली. ब्रिटिश सैनिकांचे त्या काळचे घोट्याएवढे आखूड बूट दलदलीच्या माळावर भिजून गेले व अनेकांना ओल्या पायांचा विकार जडला. त्यानंतर त्या सैन्याने उंच बूट स्वीकारले. त्यापूर्वी १९६० च्या दशकात व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकन सैन्याने वेगळा मार्ग काढला होता. त्यांच्या जंगल बुटाचा पुढचा व टाचेकडील भाग कातड्याचा, वरचा भाग जाड विणीच्या कापडाचा आणि तळाजवळ आतल्या बाजूस पाणी निथळण्यासाठी जाळीची छिद्रे असत. पाणी अडविण्याचा आग्रह सोडून ते बाहेर काढण्याची ही योजना पावसाळी मुलखासाठी होती. ती कोकणातील पावसालाही लागू पडते.

कल्याणच्या परिसराला फौजी बुटांची ओळख नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठा लष्करी तळ होता. फाळणीनंतर तेथील बराकींत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील भाग अजूनही 'कॅम्प' क्रमांकाने ओळखले जातात. त्या काळचा सैनिकी बूट जाड कातड्याचा, तळास लोखंडी खिळे ठोकलेला आणि वजनाने जड असे. आजचा बूट हलका असतो, परंतु तो घेताना अधिक डोळसपणा लागतो. कारण त्याचा तळ व वरचा भाग अनेक प्रकारच्या कृत्रिम पदार्थांचा असतो आणि ते सर्व दिसावयास सारखेच दिसतात.

कोणत्या कामास कोणते पादत्राण

१. चिखलणी व आवणी : गुडघाभर चिखलात कोणताही नाडीचा बूट घालू नये. चिखल त्यास धरून ठेवतो, पाय ओढताना घोटा मुरगळतो आणि कातडे एका हंगामात निकामी होते. येथे पायास घट्ट बसणारा पातळ रबरी गमबूटच त्यातल्या त्यात बरा. सैल गमबूट चिखलात रुतून बसतो. गमबूट घालून काम जमत नसेल तर निदान पायावर जखम असणाऱ्याने अनवाणी खाचरात उतरू नये.

२. बांध, खते वाहणे, जनावरांमागे फिरणे : येथे गमबूट किंवा रबरी तळाचा कापडी जंगल बूट चालतो. कापडी-रबरी जंगल बूट स्वस्त असतो, हलका असतो व लवकर वाळतो. सह्याद्रीत भटकणारे पुष्कळ लोक त्यास 'हंटर' ह्या नावाने ओळखतात. त्याचा तळ पातळ असल्याने मोठ्या काट्यापासून मात्र पूर्ण संरक्षण मिळत नाही.

३. भातकापणी, गवतकापणी, लाकूडतोड व डोंगरातील वाट : हे फौजी धाटणीच्या बुटाचे खरे क्षेत्र होय. खुंटे, काटे, विळ्याचा निसटता वार व सर्पदंश ह्यांपासून घोट्याच्या वर येणारे जाड कातडे चांगले रक्षण करते.

४. पॉवर टिलर, गवत कापण्याचे यंत्र, वजनी ओझी : येथे बोटांवर पोलादी टोपी असलेला सुरक्षा बूट वापरावा. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या भाग २ प्रमाणे अशा टोपीने २०० जूल एवढा आघात सोसला पाहिजे. आयएसआय चिन्ह व त्याखालील परवाना क्रमांक पाहूनच असा बूट घ्यावा.

५. कीटकनाशकांची फवारणी : येथे कातड्याचा बूट कटाक्षाने टाळावा. कातडे औषध शोषून घेते व कितीही पुसले तरी ते निघत नाही; म्हणजे पुढे रोज तोच विषारी बूट पायात राहतो. रबरी गमबूट घालावा आणि विजारीचे पाय बुटाच्या आत न खोचता बाहेर सोडावेत, म्हणजे ओघळलेले औषध बुटात उतरत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या घटनेने अंग झाकून फवारणी करण्याची आवश्यकता सर्वांच्या ध्यानात आणून दिली आहे. रबरी बुटांसाठी आयएस ५५५७ हे मानक आहे.

मापाची परीक्षा

बूट कितीही भारी असो, तो मापात नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून पहिली परीक्षा मापाची. ती पुढीलप्रमाणे करावी.

बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभर उभे राहून व चालून पाय थोडा सुजतो. सकाळी बरोबर बसलेला बूट सायंकाळी आवळतो.

घरून निघताना कागदावर उभे राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढून घ्यावी. उभे राहिल्यावर अंगाच्या भाराने पाय पसरतो, म्हणून बसून काढलेले माप खोटे ठरते. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोठा पाय प्रमाण धरावा. दुकानात बुटातील सुटा पातावा बाहेर काढून त्यावर कागद ठेवावा. पायाची रेषा पाताव्याबाहेर जात असेल तर तो बूट घेऊ नये.

ज्या जाडीचे मोजे रोज वापरावयाचे तेच घालून बूट चढवावा. नाडी न आवळता पाय पुढे सरकवून बोटे टोकास टेकवावीत. अशा वेळी टाचेमागे एक बोट सहज गेले पाहिजे. दोन बोटे जात असतील तर बूट मोठा आहे. मग टाच मागे बसवून नाडी आवळावी व दुकानातच जिना चढून-उतरून पाहावा. उतरताना अंगठ्याचे नख पुढे आपटत असेल तर डोंगर उतरताना ते काळेनिळे होणार हे निश्चित. चढताना टाच सारखी उचलली जात असेल तर तेथे फोड येणार.

चवड्याची रुंदी विशेष लक्षपूर्वक पाहावी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ ह्या काळात देशातील ७९ ठिकाणी १ लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचा पाय युरोप-अमेरिकेतील लोकांच्या पायापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतो, असे तीत दिसून आले. बाजारातील बूट मात्र बहुधा इंग्रजी वा युरोपीय मापांचे असतात. लहानपणापासून अनवाणी चाललेल्या शेतकऱ्याचा चवडा तर अधिकच पसरलेला असतो. अशा वेळी लोक रुंदीसाठी एक-दोन क्रमांक मोठा बूट घेतात. मग लांबी वाढते, टाच सैल होते आणि बूट चावतो. त्यापेक्षा रुंद साच्याचा बूट मागून घ्यावा. इंग्रजी मापात एका क्रमांकाने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते, हे लक्षात ठेवावे.

आवणी व कापणीचे पुष्कळ काम स्त्रिया करतात. त्यांना पुरुषांचा लहान क्रमांकाचा बूट देण्याची पद्धत योग्य नाही. स्त्रियांची टाच सामान्यतः अरुंद असल्याने तो मागे सैल पडतो. त्यांचे माप वेगळे घ्यावे व त्यांच्यासाठी वेगळा जोड आणावा.

तळाची परीक्षा

बूट दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्याजवळ, म्हणजे चालताना बोटे जेथे वळतात तेथे वाकला पाहिजे. मध्यभागी मोडल्यासारखा वाकणारा बूट तळव्याच्या कमानीस आधार देत नाही व तो घालून ओझे वाहिल्यास तळवा दुखू लागतो.

नंतर तळावरील खाचा पाहाव्यात. चिखलाच्या वाटेसाठी खाचा खोल व एकमेकींपासून दूर असाव्यात. जवळजवळ असल्यास चिखल त्यांत बसतो व तळ गुळगुळीत होतो. उलट ओल्या कातळावर, शेवाळावर आणि रेल्वे स्थानकाच्या गुळगुळीत लाद्यांवर कठीण रबराच्या खोल खाचा घसरतात, कारण जमिनीस टेकणारा भाग थोडा असतो. तेथे मऊ रबराचा, उथळ खाचांचा तळ चांगला. रबर नखाने दाबून पाहावे. किंचित दबले पाहिजे.

तळाचे मुख्य प्रकार दोन. रबराचा तळ जड असतो, परंतु टिकाऊ असतो व ओल सोसतो. दुसरा पीयू नावाच्या फेसाळ कृत्रिम पदार्थाचा. तो हलका व मऊ असल्याने दुकानात घालून पाहताना फार सुखाचा वाटतो. परंतु त्याच्या पुष्कळ प्रकारांत एक दोष आहे. दमट हवेतील ओलाव्याने तो पदार्थ आतून हळूहळू विघटित होतो. बूट न वापरता नुसता ठेवला तरी काही वर्षांनी तळास भेगा पडतात आणि एक दिवस तो भाकरीसारखा तुकडे होऊन गळून पडतो. कोकणातील दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून पीयू तळाचा बूट घ्यावयाचाच असेल तर तो ताज्या उत्पादनाचा घ्यावा व माळ्यावर जपून न ठेवता नियमित वापरावा.

तळ वरच्या भागास कसा जोडला आहे हेही पाहावे. नुसता चिकटविलेला तळ वारंवार भिजल्याने सुटतो. साच्यात ओतून थेट जोडलेला तळ घट्ट असतो, परंतु झिजल्यावर बदलणे अवघड जाते. कडेने पट्टी शिवून लावलेला तळ महाग पडतो. मात्र चर्मकाराकडून तो पुन्हा बदलून घेता येतो.

वरच्या भागाची परीक्षा

कातड्याचा केसांकडील वरचा अखंड थर सर्वांत मजबूत असतो. खालचा थर चिरून काढून त्यावर प्लॅस्टिकचा लेप दिलेले कातडे चकचकीत दिसते, परंतु वळण्याच्या जागी लवकर तडकते. अंगठ्याने दाबल्यास अस्सल कातड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात व बोट काढताच मावळतात. नाडीच्या छिद्रांजवळ किंवा जिभेच्या कडेस कापलेली बाजू दिसते. तेथे तंतू दिसले तर कातडे, कापडाचा थर दिसला तर नक्कल, असे समजावे.

जीभ दोन्ही बाजूंस शिवलेली असावी, म्हणजे खडे व कुसळे आत शिरत नाहीत. बोटांच्या व टाचेच्या भागी दुहेरी शिवण असावी. बाजूस साखळी, म्हणजे झिप असलेला बूट घालावयास सोपा असतो व पहाऱ्याच्या नोकरीस चालतो. शेतात मात्र चिखल व वाळू अडकून साखळी बिघडते आणि सारा बूट निकामी होतो.

वजनाचाही विचार करावा. पाठीवरील ओझ्यापेक्षा पायातील तेवढेच ओझे वाहण्यास चार ते सहा पट अधिक श्रम पडतात, असे सैनिकांवरील प्रयोगांत आढळले आहे. दिवसभर चालणाऱ्याने गरजेपेक्षा जड बूट घेऊ नये.

जुना व शिलकी माल

सैन्याचा शिलकी माल म्हणून बूट स्वस्तात विकले जातात. त्यांतील काही चांगले असतात, काही नुसते तसे दिसतात. खरेदीपूर्वी उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे, तळ वाकवून भेगा आहेत का ते तपासावे आणि आतील पातावा काढून बुरशी व वास पाहावा. दुसऱ्याने वापरलेला बूट त्याच्या पायाच्या वळणावर बसलेला असतो. तो बहुधा आपल्याला चावतो आणि त्यातून नायटा येण्याचा संभवही असतो.

किमतीचा हिशेब वर्षांवर भागून करावा. उदाहरणार्थ, समजा ६०० रुपयांचा बूट एक वर्ष टिकला. दुसरा १८०० रुपयांचा घेतला, मध्ये ४०० रुपये देऊन त्याचा तळ बदलला व तो चार वर्षे टिकला. पहिल्याचा खर्च वर्षास ६०० रुपये, दुसऱ्याचा ५५० रुपये. परंतु दुसऱ्याचा तळ बदलता येत नसेल व तो दोनच वर्षे टिकला, तर तोच वर्षास ९०० रुपयांना पडतो. म्हणजे महाग बूट स्वस्त पडतो तो दुरुस्त होण्याजोगा असेल तरच.

रोजचा प्रवास व तरुणांचे खेळ

टिटवाळा, बदलापूर, शहाड, डोंबिवली येथून लोकलने रोज जाणाऱ्यास गर्दीत उभे राहावे लागते, पूल चढावे लागतात आणि ओल्या फलाटावरून चालावे लागते. त्याने घोट्याएवढा, हलका, मऊ रबरी तळाचा बूट घ्यावा. गुडघ्याकडे जाणारा उंच बूट दिवसभर पोटरीस उबवतो.

शहरालगतच्या तरुणांत प्लॅस्टिकच्या छऱ्यांच्या बंदुकांनी खेळावयाचा 'एअरसॉफ्ट' नावाचा खेळ रुजू पाहत आहे. त्याहून अधिक तरुण मलंगगड, माहुली किंवा गोरखगडासारख्या गडांवर जातात. दोन्हींत धावणे, गुडघ्यावर बसणे, एकाएकी वळणे व दगडांवर पाय पडणे होतेच. तेव्हा घोट्यास आधार देणारा, चवड्याजवळ सहज वाकणारा आणि लवकर वाळणारा बूट दोहोंस चालतो. पोलादी टोपीची येथे गरज नाही. नवा बूट घालून थेट गडावर जाऊ नये. फौजी धाटणीचा बूट घालणे हा गुन्हा नाही. परंतु सैनिक नसताना लोकांनी आपणास सैनिक समजावे ह्या हेतूने सैनिकी गणवेश वा चिन्ह धारण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे, हे तरुणांना समजावून सांगावे.

सवय, मोजे आणि निगा

नवा बूट पहिल्या आठवड्यात रोज एक-दोन तासच घालावा व हळूहळू वेळ वाढवावी. पेरणी किंवा कापणीच्या निदान दोन आठवडे आधी बूट घ्यावा तो ह्याचसाठी. नुसत्या सुती मोज्यात पाणी साठून राहते. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मिश्र मोजा ओला झाला तरी पायास कमी घासतो. बरोबर एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि दुपारी जेवणाच्या वेळी मोजे बदलावेत.

भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. कातडे आखडते, तडकते व चिकटविलेला तळ सुटतो. चिखल धुऊन काढावा, पातावा बाहेर काढावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत व ते ओले होताच बदलावेत. नंतर वाऱ्यावर सावलीत ठेवावा. कातडे वाळल्यावर पॉलिश किंवा मेण थोडेसे लावावे. तेलाचा मारा करू नये; त्याने कातडे फार नरम पडते. शक्य असल्यास दोन साधे जोड घेऊन आलटून पालटून वापरावेत. एकच भारी जोड रोज ओला घालण्यापेक्षा हे पायास व खिशास अधिक हितकर ठरते.

रात्री पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. खडा टोचला तरी त्यांना कळत नाही. त्यांनी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे व रोज तळवे तपासावेत.

साप, विंचू व लेप्टोस्पायरोसिस

बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा. रात्री ओसरीवर ठेवलेल्या बुटात विंचू शिरणे ही कोकणात नवलाची गोष्ट नाही.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप येथील शेतकऱ्यांना परिचित आहेत. शेतातील बहुतेक सर्पदंश पावलावर किंवा घोट्याजवळ होतात, म्हणून उंच बुटाने धोका कमी होतो. तो नाहीसा होत नाही. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. सूज चढण्यापूर्वी बूट, जोडवी व पैंजण हलकेच काढावेत, पाय न हलविता रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.

२६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठची बदलापूर-कल्याणची वस्ती पाण्याखाली गेली होती. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायावरील जखमेतून अंगात गेल्याने हा रोग होतो. पुराच्या किंवा गोठ्याच्या पाण्यात उतरताना गमबूट घालावा. जखम असता अशा पाण्यात उतरावे लागल्यास किंवा नंतर ताप आल्यास लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तसे सांगावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

मे महिन्यातील सभेत पायाचे माप कागदावर कसे घ्यावे ह्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. गावातील स्त्री-पुरुषांच्या मापांची यादी करून गटाने खरेदी केल्यास रुंद साच्याचे बूट व स्त्रियांची मापे व्यापाऱ्याकडून मागविणे सोपे जाते. एक रबरी तळाचा व एक फुटलेल्या पीयू तळाचा असे दोन जुने बूट सभेत दाखविल्यास तासाभराच्या भाषणाहून अधिक परिणाम होतो. गावातील चर्मकारास ह्या चर्चेत अवश्य बोलवावे; कोणता बूट दुरुस्तीस येतो व कोणता येत नाही, हे त्याच्याइतके नेमके दुसरा कोणी सांगू शकत नाही.

सारांश, आधी काम पाहावे, मग माप, मग तळ, मग कातडे आणि शेवटी रूप. खाचरासाठी व फवारणीसाठी रबर, कापणीसाठी व रानासाठी उंच कातडी बूट, पावसातील वाटचालीसाठी लवकर निथळणारा कापडी बूट, अशी वाटणी केल्यास थोड्या खर्चात घरातील सर्वांची सोय होते. आणि कोणताही बूट घेतला तरी संध्याकाळी तो वाळत घालणे व पाय कोरडे करणे, हे काम रोजचेच आहे.